साहेबाला केलेला तो फोन

प्रश्न: मुलगा फर्मागुडीहून कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. वर्षभर पर्वरीच्या एका कंपनीत आहे. 'पॅकेज डिपेंडन्सीचे नियम पाळणाऱ्या टेस्ट लिहितो' म्हणतो. टेस्टिंग दुय्यम काम, म्हणून मी परस्पर त्याच्या साहेबाला फोन करून 'त्याला डेव्हलपमेंटला घ्या' म्हटलं. नाहीतर सरकारी परीक्षा द्यायची, असं आम्ही ठरवलंय. यंदा चवथीला तो दीड दिवसच राहिला. काय करावं?
— एक पालक, साखळी

उत्तर: तो फोन करायला नको होता. कमावत्या मुलाला तुम्ही त्याच्या साहेबासमोर शाळकरी करून टाकलंत. चवथीला दीडच दिवस का, हे मला विचारू नका. आणि 'आम्ही ठरवलंय' यातल्या 'आम्ही'त तो आहे का? त्याला काय हवंय, याचा पत्रात एक शब्द नाही.

आता कामाचं. टेस्टिंग म्हणजे बटणं दाबून बघणं, ही समजूत सोडा. मोठ्या प्रोग्रामचे कप्पे पाडतात, ती पॅकेजेस. बिलाचा हिशेब करणाऱ्या पॅकेजने स्क्रीनच्या पॅकेजमधलं काही वापरायचं नाही, असं टीमचं ठरलेलं असतं, बहुतेकदा तोंडीच. हाच तो डिपेंडन्सीचा नियम. मग शुक्रवारी संध्याकाळी घाईत कुणीतरी एक इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या कप्प्यातलं काही वापरायला घेणारी ओळ, घालतो. प्रोग्राम चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधीतरी स्क्रीन बदलायला जावं, तर बिलं बिघडतात! जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत आर्चयुनिट नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. तिच्यात हा नियम टेस्ट म्हणून चार ओळींत लिहिता येतो. ही टेस्ट प्रोग्रामचा बाइटकोड, म्हणजे कंपाइल होऊन यंत्रासाठी तयार झालेलं रूप, वाचते, कुठल्या क्लासने (पॅकेजमधल्या कोडच्या तुकड्याने) कितव्या ओळीवर नियम मोडला ते नावानिशी सांगते, आणि बिल्ड, म्हणजे प्रोग्राम बांधून तयार करायचं काम, तिथेच अडतं. जुन्या कोडमधल्या चुका गोठवून फक्त नव्या पकडायचीही सोय आहे. ओळी चारच, पण कुठला नियम घालायचा हे कळायला अख्ख्या सॉफ्टवेअरची रचना ठाऊक लागते. अहो, हे डेव्हलपमेंटच आहे.

नुसते नियमच लिहीत राहिला तर मात्र अडकेल. कप्पे पाडायलाही शिकायला हवं. पण ते मी त्याच्याशी बोलेन.

कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा नोकरी करताकरताही देता येतात, त्याची इच्छा असेल तर.

तुम्ही आधी त्या फोनबद्दल त्याची माफी मागा. पुढचं पत्र त्याला लिहू दे, वाटलं तर.