मुलाच्या साहेबांना फोन करू का?

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा नऊ जणांच्या डिझाइन कंपनीत अडीच वर्षं काम करतोय. मालक कामात हुशार, पण सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतो, रात्री अकराला फोन करून कामं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ‘तू मला मुलासारखा’ म्हणून खांद्यावर हात ठेवतो. मुलगा दोनदा राजीनामा द्यायचं ठरवून केबिनमध्ये गेला आणि दोन्ही वेळा ‘पगार वाढवतो, थांब’ एवढं ऐकून परत आला. आता त्याला झोप लागत नाही, रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. तुम्ही विचारलंय, ‘मी त्याच्या साहेबांशी एकदा बोलून बघू का?’

नका बोलू. तुमची तळमळ समजते, पण जो माणूस त्याला आधीच ‘मुलासारखा’ म्हणून अडकवतोय, त्याला आईचा फोन गेला तर मामला घरगुती होऊन बसेल. मग रुसवे-फुगवे, समजूत, आणखी एक आश्वासन. मुलगा तिसऱ्यांदा परत येईल.

तो घाबरट आहे असं मात्र मनात आणू नका. मोठ्या कंपनीत साहेब चिडला तरी एचआरकडे गेलेला कागद आपल्या वाटेनं पुढे सरकतो. इथे साहेब, मालक, पगार देणारा आणि एक्स्पिरियन्स लेटरवर सही करणारा, सगळा एकच माणूस. शिवाय नवातला एक गेला की त्याची खरोखर तारांबळ उडते, त्यामुळे तो राजीनामा मनाला लावून घेतो. त्याची अडचण खरी आहे. पण ती सोडवायला तुमच्या मुलानं तिथे राहिलं पाहिजे, असं होत नाही.

दोन्ही वेळा तो रिकाम्या हातानं बोलायला गेला, म्हणून त्या बोलण्याचा सौदा झाला. या वेळी हातात पत्र असू दे, त्यावर तारीख आणि सही असू दे. आधी अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीस पिरियड किती आहे ते बघायचं, आणि त्यावरून शेवटचा दिवस मोजून पत्रात तारखेनिशी लिहायचा. नोटीस 30 दिवसांची असेल, तर पत्र एवढंच:

‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. ठरल्याप्रमाणे 30 दिवसांची नोटीस देत असून माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. तोपर्यंत हातातली सगळी कामं नीट सोपवेन. इथे शिकायला मिळालं, त्याबद्दल आभार.’

‘कृपया मंजूर करावा’ असं लिहू नका म्हणावं. तो परवानगी मागायला जात नाहीये. पत्र समोर बसून द्यायचं, दहा मिनिटांत उठायचं, आणि जागेवर आल्या आल्या तेच ईमेलनं पाठवून स्वतःच्या खासगी पत्त्यावरही एक प्रत ठेवायची. कारण ‘मला तर काही सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य छोट्या कंपन्यांत मी फार वेळा ऐकलंय.

झालेले अपमान पत्रात नकोत. मनात साचलेलं सगळं त्यानं वहीत लिहून काढावं, अगदी शिव्यांसकट. पण हे पत्र फाइलमध्ये राहतं आणि उद्याची कंपनी चौकशीला याच मालकाला फोन करू शकते. पगार थकवला असेल किंवा छळ होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तारखांसह स्वतंत्र तक्रार लिहायची आणि वकिलाला विचारायचं.

राजीनाम्याच्या आधीच सॅलरी स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीचे ईमेल स्वतःकडे घेऊन ठेवावेत. काही ठिकाणी राजीनामा दिला त्याच दिवशी ऑफिसचा ईमेल बंद होतो. क्लायंटची यादी किंवा मूळ डिझाइन फाइल्स मात्र उचलायच्या नाहीत, त्या कंपनीच्या आहेत. पोर्टफोलिओत कोणती कामं दाखवली तर चालतील, ते ईमेलवर विचारून घ्यावं. मालकानं एक्स्पिरियन्स लेटर अडवलंच, तर सॅलरी स्लिप, बँकेतल्या पगाराच्या नोंदी आणि तिथून आधी बाहेर पडलेला एखादा सीनियर, यांवर पुष्कळ भागतं. म्हणून त्या धमकीला फार घाबरू नये. हँडओव्हर मात्र चोख हवा: कुठलं काम कुठवर आलंय, फाइल कुठे आहे, क्लायंटला कोणती तारीख दिलीय, सगळं लिहून ईमेलनं द्यायचं.

दुसरी नोकरी हातात नसताना सोडावी का, हेही तुम्ही विचारलंय. एरवी मी नको म्हणतो. पण झोप उडालीय, तेव्हा आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. तीन-चार महिन्यांच्या खर्चाची सोय असेल, तर मी त्याला आत्ताच नोटीस द्यायला सांगेन. थकलेला मुलगा मुलाखतीतही थकलेलाच दिसतो.

आता तुमचं काम. संध्याकाळी त्याच्यासमोर बसा आणि तुम्ही मालक व्हा. ओरडा, ‘मी तुला घडवलं’ म्हणा, डोळ्यांत पाणी आणा, पगार दुप्पट करा. त्यानं दर वेळी एकच उत्तर द्यायचं: ‘सर, माझा निर्णय झालाय. हँडओव्हर कसा करायचा ते ठरवूया.’ पहिल्या दोन-तीन वेळा तो अडखळेल, कारणं सांगत बसेल. कारण सांगितलं की मालक त्यावर तोडगा काढतो, आणि मग नाही म्हणणं जड जातं. ते वाक्य सहज तोंडून येईपर्यंत करा. आणि मागच्या दोन वेळी कबूल केलेली पगारवाढ झाली का, ते त्याला विचारा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही.

पत्राचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवायला सांगा, मी बघून देईन. फक्त शेवटच्या दिवसाची तारीख त्यात घातलीय ना, तेवढं आधी तपासा.