चोपड्यात भरीत-पुरी आणि शेवभाजीचं छोटं सेंटर टाकतोय, कमी खर्चात जागा स्वच्छ आणि आकर्षक कशी ठेवू, फर्निचर आणि लायटिंगवर किती घालू?

भाऊ, तुम्ही विचारलंय की बजेट कमी आहे तर फर्निचर आणि लायटिंगवर किती घालू. माझं स्पष्ट मत, आधी पाणी आणि फडकी, मग बाकीचं. मी जळगावात भरीत सेंटर चालवतो, गिऱ्हाईक बोर्ड नंतर बघतं, पोऱ्या टेबल कशाने पुसतोय ते पहिले बघतं. एकच ओलं कळकट फडकं दिवसभर सगळ्या टेबलांवर फिरत असेल तर ती सफाई नाहीच, एका टेबलाची घाण दुसऱ्यावर जाते. फडकी भरपूर घ्या, टेबलाची वेगळी, ताटांची वेगळी, रात्री सोड्याच्या पाण्यात उकळून वाळत टाका. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून झाकणाची आणि तोटीची टाकी घ्या, ग्लास बुडवून पाणी काढायचं नाही म्हणजे नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ पर्यंत पारा जातो हे लक्षात ठेवा. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून रस्सा सकाळी उकळून दुपारपर्यंत तसाच ठेवणं चालत नाही, मंद आचेवर वाफाळता ठेवा, नाहीतर सरळ दोन वेळा करा. भरीत तर थोडं थोडंच ठेचा आणि ठेचायची ती लाकडी बडजी रोज कढत पाण्याने घासून उन्हात खडखडीत वाळवा, लाकडाच्या भेगांत राहिलेलं वांगं रात्रीत आंबतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भरताला वास मारतो. पुऱ्यांचं तेल फेसाळलं, काळं पडलं की काढून टाका, त्यात नवीन तेल ओतून चालवू नका, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी आधीच रंगाने गडद, खराब तेलात अजूनच काळपट दिसते.

आता दिसण्याचं. तुम्ही केळीच्या पट्ट्यात राहता भाऊ, पान दारात मिळतं, मग प्लॅस्टिकच्या प्लेटा कशाला? धुऊन पुसलेल्या हिरव्यागार पानावर भरीत, बाजूला कांद्याची पात, मिरची, लिंबाची फोड, यापेक्षा देखणं काय असतं! पार्सलही पानात बांधा, वर्तमानपत्रात अजिबात नको, शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात. शेवभाजीत शेव अगदी वाढताना घाला, आधी घातली तर लगदा होतो आणि वरची लाल तर्री पण दिसत नाही. चिरलेला कांदा जाळीखालीच पाहिजे. रंगीत लाइट लावू नका, साधा पांढरा ट्यूबलाइट लावा, ताटातलं नीट दिसलं की माणूस निवांत जेवतो.

फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन काढून काउंटरजवळ लावा. आणि गाळा फायनल करायच्या आधी मागची गटार बघून या, उघडी असेल तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नका, माशा आवरणार नाहीत.