'पाणी हवंय का?' – प्रवासातल्या अनोळखी माणसांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की प्रवासात अनोळखी माणसाला काही मदत केली असेल किंवा कुणी तुम्हाला केली असेल तर कळवा. मला वाटलं होतं छान छान गोष्टी येतील, चहा पिताना वाचायला. आल्या त्या निम्म्याहून जास्त कबुल्या आणि तक्रारी! मदत करायची होती पण केली नाही, केली आणि बोलणी खाल्ली, केली आणि चुकीची केली. मग म्हटलं, या वेळी याच पत्रांना उत्तरं देऊ.

ताई, रात्रीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक मुलगा होता, वीस-बावीसचा असेल. फोन आला, तो नुसतं 'हं, हं' करत होता, मग फोन खिशात टाकला आणि रडायला लागला. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते. मी तीन तास खिडकीबाहेर बघत बसलो, आणि बाहेर तर मिट्ट काळोख होता. चार महिने झाले, डोक्यातून जात नाही. – खिडकीवाला

खिडकीवाले दादा, आधी एक सांगते, तुम्ही निर्दयी नाही. निर्दयी माणूस चार महिने आठवत बसत नाही. तुम्हाला दोन भीत्या वाटल्या असणार, एक म्हणजे त्याला वाटेल हा कोण भोचक, आणि दुसरी म्हणजे विचारलं आणि त्याने खरंच सांगितलं तर पुढे मी काय बोलू. दोन्ही मला पण वाटतात, अजूनही वाटतात.

पण या भीत्यांचा हिशोब बऱ्याचदा चुकतो बरं का. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांचं २०२२ चं काम आहे, त्यात त्यांनी एका आइस स्केटिंगच्या जागी आलेल्या लोकांना सांगितलं की ही हॉट चॉकलेट तुम्ही ठेवू शकता किंवा इथल्या कुणा अनोळखी माणसाला देऊ शकता. ज्यांनी दिली त्यांना आधी विचारलं होतं की घेणाऱ्याला हे किती मोठं वाटेल, त्याला किती बरं वाटेल, आणि मग घेणाऱ्यांना पण तेच विचारलं. तर देणाऱ्यांचा अंदाज कमीच निघाला. म्हणजे देणारा बघतो कपाकडे, की एवढंसं तर आहे, आणि घेणारा बघतो की कुणालातरी माझी आठवण झाली.

माझंच सांगते. खूप वर्षांपूर्वी मी ट्रेनमध्ये अशीच रडत होते, हॉस्पिटलमधून घरी परतताना. समोर एक आजी होत्या. त्यांनी पर्समधून एक रुमाल काढला, पुरुषांचा असतो तसा मोठा, निळ्या काठाचा, इस्त्रीची चौकोनी घडी तशीच होती, आणि तो माझ्या हातात नाही दिला, गुडघ्यावर ठेवला आणि परत खिडकीकडे तोंड करून बसल्या. डांबरगोळ्यांचा वास येत होता त्याला. उतरताना मी परत द्यायला गेले तर म्हणाल्या, 'असू दे गं, माझ्याकडे खूप आहेत.' बास. दोघींत एवढंच बोलणं झालं. काय झालं, कोण आजारी आहे, काही विचारलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो रुमाल मला आज इतक्या वर्षांनी आठवतोय, कारण त्या बदल्यात मला माझी गोष्ट सांगावी लागली नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'काय झालं?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. 'पाणी हवंय का?' असं विचारा. त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं, बोलायचं असेल तर तो पुढे बोलेल आणि नसेल तर पाणी पिऊन गप्प बसेल. नाही म्हणाला तर ठीक आहे म्हणून आपण परत खिडकीकडे. पण मग ती खिडकी वेगळी असते हो!

ट्रेनमध्ये समोरच्या बाईंना फिट आली. कुणी म्हणे हात धरून ठेवा, कुणी म्हणे तोंडात चमचा घाला. माझ्या डब्यात चमचा होता, मी दिला. घरी लेकीला अभिमानाने सांगायला गेले तर ती ओरडलीच माझ्यावर. माझं काय चुकलं? – चमचेवाली

लेकीने ओरडायला नको होतं, पण म्हणणं तिचंच बरोबर आहे. फिट आलेली असताना तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, रुमाल नाही, आपलं बोट तर अजिबात नाही. जीभ गिळली जाते असं सगळे म्हणतात पण तसं होत नाही, उलट दात तुटू शकतो आणि तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. हातपाय दाबून धरायचे नाहीत, झटके आपण थांबवू शकत नाही.

काय करायचं तर सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. हे कुणालाच सुचत नाही. त्या क्षणी दोन मिनिटं पण अर्धा तास वाटतात. आजूबाजूच्या बॅगा, टोकदार काही असेल ते बाजूला, डोक्याखाली ओढणी नाहीतर स्वेटरची घडी, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल, आणि जमेल तसं कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते, श्वास अडत नाही. ५ मिनिटांहून जास्त वेळ झटके चालू राहिले, किंवा थांबून शुद्ध यायच्या आत परत सुरू झाले, किंवा बाई गरोदर आहेत, लागलंय, नंतर श्वास नीट येत नाहीये, आयुष्यात पहिल्यांदाच आलीय, तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स, ट्रेनमध्ये असाल तर गार्डला किंवा टीसीला कळवून पुढच्या स्टेशनवर. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकातल्या यादीत सहसा नसते. शुद्ध येते तेव्हा माणूस डोळे उघडतो आणि वर पंधरा चेहरे दिसतात, काहींच्या हातात मोबाइल. कपडे कधी ओले झालेले असतात. त्या वेळी एखादी शाल अंगावर टाकणं आणि 'चला, जागेवर बसा सगळे' म्हणून गर्दी पांगवणं, चमचेवाल्या ताई, हे काम तुम्ही फार भारी कराल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय.

बाकी तुमच्या डब्यातले लोक धावले ना, ते बरंच झालं. गर्दीत कुणी मदत करत नाही असं आपण धरून चालतो. १९६८ मध्ये बिब लाटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग छापून आला होता, त्यात इंटरकॉमवर कुणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटलं त्यांच्यापैकी ८५ टक्के मदतीला उठले, आणि अजून चौघे ऐकतायत असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ३१ टक्केच. पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सबवेवरचा प्रयोग छापून आला, त्यात चालत्या गाडीत एक माणूस मुद्दाम कोसळायचा, आणि हातात काठी असली की ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून उठले. दारूचा वास आणि हातात बाटली असली की मात्र ३८ पैकी १९ वेळाच. गाडीत माणूस डोळ्यांसमोर पडतो आणि आपल्याला कुठे निघूनही जाता येत नाही, माझ्या मते हाच काय तो फरक.

रस्ता ओलांडायला एका अंध माणसाचा हात धरला तर त्याने झटकला. चांगलं करायला जावं तर हे असं. परत नाही करणार! – वैतागलेला

कराल हो. डोळे मिटा आणि कल्पना करा की भर रस्त्यात कुणीतरी न बोलता तुमचं मनगट पकडलं आणि ओढायला लागलं. पहिल्यांदा काय वाटेल, चोर की समाजसेवक?

आधी आवाज द्यायचा, 'मी शेजारी उभा आहे, मदत हवी का?' हो म्हणाले तर आपण त्यांचा हात नाही धरायचा, ते आपला धरतात, कोपराच्या जरा वर, आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. म्हणजे आपण वळलो, थांबलो, खाली उतरलो की त्यांना हाताला आपोआप कळतं. पायऱ्या आल्या तर चढायच्या की उतरायच्या ते सांगायचं, नुसतं 'पायऱ्या!' ओरडून उपयोग नाही. सीटवर बसवायचं म्हणजे खांदे दाबून बसवायचं नाही, त्यांचा हात सीटच्या पाठीवर ठेवायचा, बाकी ते बघून घेतात. आणि निघताना 'मी जातोय आता' हे सांगायचं. मी एकदा हे विसरले, न सांगता सटकले, मागे वळून बघते तर ते गृहस्थ हसत हसत माझ्याशी बोलतच होते, रिकाम्या जागेशी. अजून लाज वाटते.

व्हीलचेअरचं पण तेच, न विचारता मागून ढकलायला लागायचं नाही.

मी उठून एका बाईंना सीट दिली तर म्हणाल्या 'मी काय म्हातारी दिसते का?' आता काय कपाळ बघून ओळखायचं? – उभा प्रवासी

नाही ओळखता येत, हे खरंय. लंडनच्या मेट्रोने याच्यावर २००५ मध्ये गरोदर बायकांसाठी 'बेबी ऑन बोर्ड' असा बिल्ला काढला, आणि २०१७ मध्ये ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही त्यांच्यासाठी 'प्लीज ऑफर मी अ सीट' असा दुसरा. गॅटविक विमानतळावर २०१६ पासून सूर्यफुलांची हिरवी पट्टी गळ्यात घालायची सोय झाली, दिसून न येणारं अपंगत्व असलेल्यांसाठी, ती आता बऱ्याच देशांत दिसते. म्हणजे हा घोळ फक्त तुमचा नाही.

बिल्ला नसेल तर माझी युक्ती वापरा. काही बोलायचंच नाही. बॅग उचलायची आणि पुढच्या स्टॉपला उतरायचंय असं तोंड करून दाराकडे जायचं. ज्याला गरज आहे तो बसतो, वय कुणी काढत नाही. कधीकधी एखादा धडधाकट पोरगा पटकन बसतो आणि व्हिडिओ बघायला लागतो, तेव्हा फार राग येतो, पण तेवढं चालायचंच.

एअरपोर्टवर एक काका म्हणाले माझी बॅग जास्त भरतेय, तुझ्या नावावर एक छोटी घेशील का? घेतली नाही, पण वाईट वाटलं. – पहिलाच विमानप्रवास

अगदी योग्य केलंस. इथे मी कडक आहे. अनोळखी माणसाचं सामान आपल्या नावावर कधीच न्यायचं नाही, काका कितीही गोड असले तरी. तुझ्या नावावर चेक-इन झालेल्या बॅगेत जे निघेल त्याचा जाब तुलाच विचारणार. वाईट वाटत असेल तर काउंटरपर्यंत त्यांच्याबरोबर जा, फॉर्म वाचून दाखव, ट्रॉली ढकल. कुणी फोन मागितला तर नंबर आपण लावायचा, स्पीकरवर टाकायचा, फोन आपल्याच हातात.

विमानात मागचं बाळ सलग रडत होतं. मी काय करू शकले असते? – झोपमोड

बहुतेक कान दुखत असतील. विमान खाली यायला लागलं की केबिनमधला हवेचा दाब बदलतो, आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो आणि कान मोकळा होतो, बाळाला ते मुद्दाम करता येत नाही. म्हणून उतरताना बाळाला पाजलं किंवा तोंडात चोखणी दिली की बरं पडतं. पण हे त्या आईला तुम्ही वळून सांगू नका, तिला वीस जणांनी आधीच सांगितलेलं असतं! वळून त्रासिक बघायचं नाही, एवढं केलंत तरी खूप. फारच वाटलं तर सीटच्या फटीतून बाळाला वेडावून दाखवा.

सीटखाली पाकीट सापडलं, आत पैसे होते. मित्र म्हणाला हात लावू नकोस, आपल्यावरच येईल. मी तिथेच ठेवलं. – पाकीट

अरेरे. मित्राची भीती अगदीच खोटी नाही, पण तिथेच ठेवणं म्हणजे पुढच्या स्टॉपला चढणाऱ्याच्या नशिबावर सोडणं. आणि लोक वाटतात तेवढे वाईट नसतात, २०१९ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, ४० देशांत १७ हजारांवर पाकिटं 'सापडली' म्हणून बँका, हॉटेलं अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली आणि मालकाला कोण कळवतं ते बघितलं. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल ४० टक्क्यांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्क्यांनी. म्हणजे उलटंच! आत पैसे असले की ठेवून घेताना आपण चोर झालो असं वाटतं म्हणे.

पुढच्या वेळी शेजारच्या प्रवाशाला दाखवा, दोघांच्या समोर उघडा, मोजा, आणि कंडक्टरकडे द्या. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. फक्त आतल्या आयकार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, 'ओळखीचे असतील तर कळवा' म्हणून. पत्ता, जन्मतारीख, सगळं गावभर होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवाच एकाने टाकलं होतं, मीच काढायला लावलं, आणि तो अजून माझ्याशी बोलत नाहीये.