हातगुण आणि पिवळी प्लेट

तुमचा प्रश्न असा: पीडी-१ (टी-पेशीवरचा रिसेप्टर) आणि पीडी-एल१ (त्याला चिकटणारं जोडीदार प्रोटीन) यांची बाइंडिंग एलायझा, म्हणजे दोघं चिकटतात का हे प्लेटवर रंगाने दाखवणारी चाचणी, लावायची आहे, तर मानवी पीडी-१ ई. कोलाय जीवाणूमधलं घ्यावं की चौपट किमतीचं एचईके २९३ या मानवी पेशींमधलं?

एचईकेमधलं घ्या. पैसे नसतील तर थांबा, पण बाइंडिंगसाठी स्वस्तातलं आणू नका. पीडी-१ च्या पेशीबाहेरच्या भागावर साखरेच्या साखळ्या लागायच्या चार जागा आहेत. जीवाणू त्या लावत नाही. शिवाय घडी नीट बसली नाही तर प्रोटीन पेशीतच गोळा होऊन बसतं. झालं तुमचं उत्तर. पण माझे तीन महिने गेले ते तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपायी, म्हणजे टॅगपायी, प्रोटीनला मुद्दाम जोडलेल्या शेपटापायी.

मी तेव्हा बडोद्यातच एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर होते. काही रेणू पीडी-१ ची जोडी अडवतात का, ते बघायचं होतं. प्रोटीनची ऑर्डर सरांनी स्वतः दिली. पार्सल नेमकं उत्तरायणात, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीत आलं. आपल्याकडे १४ आणि १५ जानेवारीला गाव गच्चीवर असतं, त्यामुळे खोका कुरिअरच्या गोदामात पडून. सर हवालदिल झाले, मी मात्र तिळाची वडी खात होते. सुकवलेली पावडर होती. दोन दिवस थंडी नाही मिळाली म्हणून ती सहसा मरत नाही. मेली नव्हतीच.

पहिली प्लेट लावली. पीडी-एल१ चं कोटिंग, वर पीडी-१, मग अँटि-ह्यूमन एफसी सेकंडरी, म्हणजे मानवी एफसीला (अँटिबॉडीच्या शेपटाकडच्या भागाला) धरणारी आणि एचआरपी हे एन्झाइम लावलेली अँटिबॉडी. एचआरपीमुळे रंग धरणारं टीएमबी घातलं, आम्लाने थांबवलं आणि अख्खी प्लेट हळदीच्या रंगाची! अडवणारा रेणू घातलेल्या वेल (प्लेटमधल्या वाट्या) पिवळ्या, न घातलेल्याही पिवळ्या. मी एका ओळीत पीडी-१ घातलंच नव्हतं. तीही तितकीच पिवळी.

सरांना ती ओळ दाखवली. ते म्हणाले, "बॅकग्राउंड आहे. वॉश कमी पडतोय." मी तीनाचे सहा वॉश केले, वॉशमधलं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) वाढवलं, ब्लॉकिंगला, म्हणजे प्लेटची रिकामी जागा झाकायला, बीएसए प्रोटीनऐवजी स्किम मिल्क घेतलं. प्लेट पिवळीच. मग एक दिवस सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "अगं, काहींच्या हाताला गुणच नसतो." हे वाक्य घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, हातगुण वैद्याला लागतो, तुला कशाला? पण मला ते लागलं. पुढे पिपेट धरताना हात खरंच थरथरायचा.

एकेचाळिसाव्या प्लेटनंतर (नंबर मी वहीत टाकायचे, एचईके पेशींचं २९३ हेही फ्रँक ग्रॅहम यांच्या वहीतल्या प्रयोगाचा क्रमांकच आहे, १९७३, लायडन) मी सरांच्या खणातून दोन्ही व्हायलबरोबर आलेले कागद मागून घेतले. दांडिया बाजारात सेव-उसळ खाता खाता वाचले. पीडी-१ ला मानवी आयजीजी१ अँटिबॉडीचा एफसी टॅग म्हणून जोडलेला. ठीक. पीडी-एल१ ला? तोच एफसी! म्हणजे सेकंडरीला पीडी-१ ची गरजच नव्हती, ती थेट कोटिंगला चिकटत होती. शंभर वॉश दिले असते तरी ती सुटली नसती, कारण तिचं काही चुकलंच नव्हतं.

हिस-टॅगवालं (एफसीऐवजी हिस्टिडिनचं छोटं शेपूट असलेलं) पीडी-एल१ मागवलं. कोटिंगला ते, वर पीडी-१ एफसीचंच ठेवलं. पहिल्याच प्लेटला रिकामी ओळ पांढरी. सर म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, अँटिबॉडी बघ म्हणून?" नव्हते म्हणाले. वही आहे माझ्याकडे.

आता कोणी म्हणेल, मग दोन्ही हिस-टॅगची घ्यावीत, भानगडच नको. तसं करू नका. सुटं पीडी-१ पीडी-एल१ ला फार हलकं धरतं आणि वॉशमध्ये निघून जातं. एफसीमुळे दोन पीडी-१ जोडीने येतात, म्हणून पकड टिकते. एकाला एफसी, दुसऱ्याला हिस. आणि गाइड "हात वाईट" म्हणाला तर रिसेप्टर न घातलेली वेल त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, इथे पिवळं काय आहे? शिवी हे काही ट्रबलशूटिंग नव्हे. असल्या माणसांनी ऑर्डर देण्याआधी टॅगचा रकाना वाचला असता तर माझी स्टायपेंडची तिमाही वाचली असती.

हो, वर ई. कोलायला सरसकट नावं ठेवली, ते थोडं जास्त झालं. स्फटिकरचनेवर काम करणारे लोक ई. कोलायमधलं पीडी-१ गोळ्यातून सोडवून पुन्हा घडी घालतात आणि ते बांधतंही. वेस्टर्न ब्लॉटला (जेलवरचं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीला) खूण म्हणून हवं असेल तरी चालेल. पण घडी बरोबर बसल्याचा पुरावा, म्हणजे बाइंडिंगचा आलेख, त्याच लॉटचा मागा. नुसत्या जेलच्या फोटोवर जाऊ नका. उलट एचईकेमधल्या, एफसी नसलेल्या पीडी-१ चा जेलवरचा पट्टा हिशेबाच्या १७ किलोडाल्टन वजनाऐवजी तीस-चाळीसच्या आसपास दिसला तर घाबरून परत पाठवू नका, ती साखर आहे.

तुमच्या पीडी-एल१ ला कोणता टॅग आहे आणि सेकंडरी कोणती, हे प्रश्नात लिहिलेलंच नाही. ऑर्डर द्यायच्या आधी तेवढं इथे टाका.