जुन्या बुलेटला बाहेरचा व्होल्टमीटर आणि आरपीएम मीटर लावायचा आहे, वायर कुठून घेऊ?

तुमची कास्ट आयर्न (लोखंडी सिलिंडरची जुनी) बुलेट, डूमवरचा (हेडलाइटच्या डब्यावरचा) अँपिअर मीटर मेलाय, त्याच्याच भोकात डिजिटल व्होल्टमीटर बसवायचा आहे आणि 'जुन्या मीटरच्या दोन वायरी तशाच नव्याला जोडल्या तर चालेल का' असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. चावी फिरवाल आणि गाडी ढिम्म. अँपिअर मीटर म्हणजे टोलनाका आहे, बॅटरीतून निघालेला सगळा करंट त्याच्यातूनच पुढे जातो. (आम्हा कोल्हापूरकरांचं टोलनाक्यावर किती प्रेम आहे ते जगजाहीर आहे.) व्होल्टमीटर रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसता बघतो, त्याच्यातून जवळजवळ काही जात नाही. त्याला टोलनाक्याच्या जागी बसवलात तर रस्ताच बंद.

म्हणून पहिलं काम, अँपिअर मीटरच्या मागचे दोन्ही थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढा, एका नट-बोल्टात एकत्र कसून आवळा, वरून स्लीव चढवा आणि टेप मारा. मीटरला आता रामराम. व्होल्टमीटरची लाल वायर इग्निशन चालू केल्यावरच करंट येतो अशा वायरीवर, काळी अर्थला. संपलं. खरं तर इथे उत्तर संपायला हवं, पण अँपिअर मीटर हा शब्द निघाला की मला आमचे दाजी आठवतात.

आमच्या घरची बुलेट वडिलांची. थोरल्या बहिणीचं लग्न झाल्यावर दाजींचा तिच्यावर जीव जडला, म्हणजे बुलेटवर. त्यांचं म्हणणं एकच, 'काटा हलतोय तोवर गाडी जिवंत हाय बघ.' मी बारावीनंतर आयटीआयला वायरमन झालो तेव्हापासून सांगतोय, दाजी, हा मीटर बायपास करू. पण घरच्या जावयाला किती वेळा सांगणार? आई डोळे वटारायची.

मग एकदा रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात रात्र झाली. साखरपा मागे पडल्यावर दिवा मिचमिचायला लागला. खड्डा आला की अंधार, खड्डा गेला की उजेड. दाजी गाडी चालवत होते, मी मागे. मी म्हणालो थांबवा, ते म्हणाले दिव्याचं होल्डर ढिलं असणार, वर मलकापुरात बघू. पुढच्या हेअरपिनला त्यांनी थ्रॉटल मिटला आणि दिवा, हॉर्न, इंजिन सगळं एकदम गेलं. धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. मागून ट्रक चढत होता, त्याच्या उजेडात आम्ही गाडी ढकलत कठड्याला लावली.

मोबाइलचा उजेड दाजींच्या हातात, पान्हा माझ्या. रिंगचा स्क्रू काढून हेडलाइट बाहेर ओढला आणि आत बोट घातलं तर मीटरच्या मागचा नट बोटानेच फिरला. त्यावरचं थिंबल तापून तापून काळं पडलेलं, वायरीचं प्लास्टिक इंचभर वितळून आत तांबं हिरवट झालेलं. दोष कशाचा ते तिथेच दिसत होतं. बॅटरीकडून येणारा रस्ता त्या नटापाशी तुटत होता. वेगात होतो तोवर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) एकटा कसाबसा ओढत होता, थ्रॉटल मिटला तशी त्याचीही ताकद गेली. दोन्ही थिंबल एका बोल्टात आवळले, किक मारली, गाडी चालू. दाजी म्हणाले, 'म्हंजी मीटर चांगलाच हाय, नट कुणी आवळला न्हवता.'

यावर काय बोलणार! पण तुम्हाला सांगतो, मुद्दा नटाचा नाहीच. ही रचना त्या काळच्या दिव्यांसाठी होती. पस्तीस वॅटचा बल्ब म्हणजे जेमतेम तीन अँपिअर. आज लोक त्याच डूममध्ये ६०/५५ चा हॅलोजन टाकतात, म्हणजे नुसत्या दिव्याचे पाच अँपिअर. त्यावर कॉइल (प्लगच्या स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), ब्रेक लाइट, हॉर्न. हा सगळा भार बॅटरीवर आला की दोन बारक्या स्क्रूंमधून जातो, आणि सिंगल सिलिंडरची थरथर तेच स्क्रू रोज थोडे थोडे ढिले करते.

दाजींची बाजू पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पॉइंटवाल्या बुलेटला (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, तो उघडला की स्पार्क पडतो) अँपिअर मीटरचा एक खरा उपयोग आहे. चावी चालू करून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे झुकतो आणि पॉइंट उघडताक्षणी परत शून्यावर येतो. तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेशनचं (सिलिंडरमधला दाब सोडणारं) लिव्हर ओढून किक अजून जराशी खाली न्यायची, लिव्हर सोडायचं, मग पूर्ण किक. गाडी एका किकमध्ये आणि घोटा शाबूत. जुने लोक याच्यावरच गाडी चालू करायला शिकले. पण ही जागा पायाला किकमध्येही कळते, आठवडाभर सराव करा. त्या एका सोयीसाठी अख्खी गाडी दोन स्क्रूंवर टांगून ठेवायची?

आता कामाचं. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. तीस वर्षांत चार मिस्त्र्यांनी हातात आली ती वायर ओढलेली असते. टेस्ट लॅम्प घ्या, चावी बंद असताना विझतो आणि चालू केल्यावर पेटतो ती वायर तुमची. बॅटरीवर थेट जोडू नका. हे डिजिटल मीटर वीसेक मिलिअँपिअर खातात, म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तास. पाच अँपिअर-तासाची बॅटरी दहा दिवसांत झोपते आणि मग लोक बॅटरीच्या दुकानदाराला शिव्या घालतात. लाल वायरीत एक अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका.

आणि अर्थ. सगळे डूमच्याच एखाद्या स्क्रूला काळी वायर आवळतात. डूमला रंग असतो, आणि तिथून चासीपर्यंतचा अर्थ हँडलच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जातो. हँडल वळवलं की आकडा नाचतो, आणि लोक म्हणतात चायनाचा मीटर खराब. स्वतंत्र काळी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. नेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मानेपाशी वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये. जोड पिळून टेप मारलेला नको. सोल्डर मारलात तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका, नाहीतर थरथरीने सोल्डर संपतं तिथेच तुटते. मी थिंबल दाबून वर स्लीव चढवतो.

आकडा कसा वाचायचा: गाडी बंद, बॅटरी भरलेली, तर साडेबाराच्या थोडं वर. गाडी जरा रेस केल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या आत. दिवा लावून स्लो सोडल्यावर बाराच्या आसपास उतरला तर घाबरू नका, या गाड्यांचा चार्जिंग तेवढाच. रेस करूनही चढत नसेल तर चार्जिंग होत नाहीये. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) गेला, बॅटरी उकळायच्या आत बदला. हे सगळं अँपिअर मीटर सांगतो का? तो फक्त आत-बाहेर सांगतो, तेही काटा थरथरत.

आरपीएम मीटरचं (इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणाऱ्याचं) म्हणाल तर बुलेटला तो लावणं मला पटत नाही. ही गाडी खालच्या आरपीएमची, तिला रेडलाइन दाखवून करायचंय काय. लावायचाच असेल तर सिग्नलची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला. पॉइंट उघडताना तिथे दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, त्यामुळे पॉइंट-कॉइलला चालतो असं लिहिलेलाच मीटर घ्या. आणि सेटिंग बघा: पॉइंटवाल्या बुलेटमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक स्पार्क पडतो. मीटर फेरीला एक स्पार्क धरत असेल तर नऊशेचे साडेचारशे दाखवेल. पॉइंटऐवजी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवून घेतली असेल तर कॉइलला हात लावू नका, प्लगच्या वायरीभोवती गुंडाळून चालणारा मीटर मिळतो, तो घ्या. तेव्हाही सेटिंग तपासा, कारण काही सीडीआय प्रत्येक फेरीला स्पार्क देतात.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. वरचं सगळं १२ व्होल्ट, मायनस अर्थच्या गाडीचं. गाडी त्याहून जुनी, ६ व्होल्टची असेल तर हे आकडे तिला लागू नाहीत, आणि १२ साठी बनवलेले बरेच मीटर तिथे पेटतच नाहीत. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर प्लस चासीला जोडलेला असतो, तिथे लाल-काळी डोळे झाकून जोडलीत तर मीटर जागेवर जळू शकतो. तेव्हा सीट काढा, बॅटरीवर किती व्होल्ट लिहिलंय आणि कुठलं टोक चासीला गेलंय ते बघा, मग ऑर्डर करा. मूळ अँपिअर मीटर फेकू नका, बायपास करून डूममध्येच राहू द्या आणि व्होल्टमीटर हँडलला क्लॅम्पवर लावा. गाडी विकताना जुना मीटर जागेवर दिसला तर भाव चांगला येतो, आणि दाजींसारखं कोणी घरात असेल तर तेवढीच शांतता.