रोज भाकरी-शेंगाचटणी खाऊनही आईचं हिमोग्लोबिन कमी का?

आधी एक सांगा, जेवण झालं की लगेच चहा होतो का? आमच्या सोलापुरात घरोघरी होतो. माझ्या आईचंही तेच: ताटातला शेवटचा घास संपायच्या आत गॅसवर आधण ठेवलेलं.

हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं. ज्वारीत ते आहे, 100 ग्रॅममागे साधारण 4 मिलिग्रॅम. पण धान्य-भाज्यांतलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं, त्यात चहातले टॅनिन नावाचे तुरट घटक त्याला आतड्यातच धरून ठेवतात. म्हणून चहा जेवणाआधी किंवा नंतर तासभर तरी लांब ठेवा. आणि जेवताना लिंबू घ्या. मटकीच्या उसळीवर, ताट वाढल्यावर पिळायचं, उकळत्या भांड्यात नाही. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व लोह शोषायला फार मदत करतं. मटकीला मोड आणलेले असले तर आणखी चांगलं.

शेंगाचटणी खुशाल खाऊ द्या, प्रथिनं चांगली मिळतात. मीठ तेवढं बेतानं. पाळी चालू असलेल्या बाईला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, ते नुसत्या भाकरीतून भागत नाही. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर आहारावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवाच. गोळ्या दिल्या तर त्याही चहासोबत नकोत.