राजदूत आणि मतपेटी

प्रश्न : माझी भाची यूपीएससीचा अभ्यास करते. म्हणते, आधी परराष्ट्र सेवा आणि मग जयशंकरांसारखं राजकारण. ताई, हे इतकं सरळ असतं का हो?
– एक मामा, विटा

उत्तर : मामा, भाचीला आधी एवढंच विचारा, की जयशंकरांनी मतं कुणाकडं मागितली? जानेवारी २०१८ मध्ये ते परराष्ट्र सचिव म्हणून निवृत्त झाले आणि मे २०१९ मध्ये एकदम मंत्री. तेव्हा ते खासदारही नव्हते. अशा मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात यावं लागतं. ते जुलैमध्ये गुजरातेतून राज्यसभेवर गेले. तिथं मत देतात आमदार. उन्हातान्हात हिंडायची गरज नाही.

हिंडून काय होतं ते अमृतसरला दिसलं. २०१९ ला तिथं हरदीपसिंग पुरी उभे होते, संयुक्त राष्ट्रांत भारताचे स्थायी प्रतिनिधी राहिलेले. २०२४ ला तरणजितसिंग संधू, त्याच जानेवारीपर्यंत अमेरिकेत राजदूत. संधूंचे आजोबा गुरुद्वारा सुधारणा चळवळीतले पुढारी तेजासिंग समुंद्री, म्हणजे नाव पंजाबात कुणाला सांगायला नको. तरी दोघेही पडले, तेही एकाच माणसाकडून, काँग्रेसच्या गुरजितसिंग औजलांकडून.

आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. कर्जाचे कागद गावात त्यांच्याइतके कुणाला कळत नसत. पारावर एका म्हातारीनं विचारलं, "माझ्या नातीच्या लग्नाला का आला नाहीस?" हे तेव्हा बदलीवर नांदेडला. अकरा मतांनी गेले! आणि राजदूत तर तीस-पस्तीस वर्षं बदलीवरच.

जिंकलेलेही आहेत. मीरा कुमार परराष्ट्र सेवेतली नोकरी सोडून १९८५ च्या बिजनौर पोटनिवडणुकीत उतरल्या, समोर मायावती आणि रामविलास पासवान, तरी निवडून आल्या. पण त्या माजी उपपंतप्रधान जगजीवनराम यांच्या कन्या, हे विसरू नका. मला कौतुक के. आर. नारायणन यांचं. उळवूरच्या गरीब दलित घरातला मुलगा चीन आणि अमेरिकेत राजदूत झाला, मग केरळातल्या ओट्टपालममधून १९८४, १९८९, १९९१ असा तीनदा लोकसभेवर गेला. राष्ट्रपतिपद त्यानंतरचं, १९९७ चं.

नोकरीत असताना पक्षाचं काम चालत नाही, हे भाचीला ठाऊक असेलच. पण दिवाळीत ती विट्याला आली की पुस्तकं जरा मिटायला लावा आणि तुमच्याबरोबर दोन साखरपुडे आणि एक दहावं करून आणा.